पहिल्या रविवारचा बाजार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



महिन्याचा पहिला रविवार आमच्या घरात कॅलेंडर न बघता कळतो. शनिवारी रात्रीच पत्नीनं दाराच्या कडीला दोन कापडी पिशव्या अडकवलेल्या असतात. एकीत धुऊन पुसून ठेवलेला करडईच्या तेलाचा डबा, दुसरीत धान्याच्या रिकाम्या पिशव्यांची घडी. सकाळी चहाचा कप हातात देताना ती एवढंच म्हणते, ‘‘उशीर केलात तर हरभऱ्याची भाजी मिळायची नाही.’’ मी बँकेत छत्तीस वर्षं नोकरी केली. वेळेवर हजर राहायची सवय आहे. पण खरं सांगायचं तर बँकेत जाताना मला कधी इतकी घाई नसायची.

धाराशिव शहराच्या कडेला आमची वसाहत आहे. नोकरदारांची आणि माझ्यासारख्या निवृत्तांची. वसाहतीच्या मोकळ्या जागेत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आसपासच्या खेड्यांतले पंधरा-वीस शेतकरी आपापल्या शेतातला माल घेऊन बसतात. त्यात बाया जास्त. मंडप नाही, फलक नाही, ध्वनिक्षेपक नाही. लिंबाच्या झाडाखाली पोती अंथरायची, पुढं वाटे लावायचे आणि काटा मांडायचा. नऊला सुरू झालेला बाजार बाराच्या सुमाराला उरकतो.

तुम्ही म्हणाल, बाजार आठवड्याचा असतो, हा महिन्याचा कुठून आला? मलाही तोच प्रश्न पडला होता. भाजीपाल्याचा बाजार आठवड्याला भरतो, कारण भाजी टिकत नाही. पण या बाजारातला मुख्य माल भाजी नाही. ज्वारी, तूरडाळ, मूग, उडीद, मटकी, हुलगे, जवस, कारळं, गूळ, चिंच, येसर, काळा मसाला, शेवया, कुरडया हा मुख्य माल. नोकरदाराच्या घरात महिन्याचा किराणा पगार झाल्यावर भरतात. म्हणून पहिला रविवार. आणि विकणाऱ्या बाईलाही दर आठवड्याला एक दिवस शेत सोडून येणं, टेम्पोचं भाडं भरणं परवडत नाही, महिन्याला परवडतं. दोन्हीकडची सोय बघून ठरलेला हा दिवस आहे.

या बाजारात फिरलं की महिना कोणता ते कळतं. श्रावण-भाद्रपदात नवा मूग, नवा उडीद. त्याच्या शेजारी अंबाडी, घोळ, तांदुळजा अशा रानभाज्या. मार्गशीर्षात तुरीच्या शेंगा, खुडलेली हरभऱ्याची कोवळी भाजी, बोरं. पौष-माघात हुरडा. फाल्गुनात नवी ज्वारी आणि करडई. चैत्रात चिंच आणि कैरी. उन्हाळ्यात वाळवणाचे पदार्थ. एकदा भूमकडचे एक गृहस्थ खवा घेऊन आले होते. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. अर्ध्या तासात त्यांची पाटी रिकामी झाली. मानांकनामुळे झाली की वासामुळे, ते मात्र मला सांगता येणार नाही.

मी लहान असताना वडिलांबरोबर मोंढ्यात जायचो. ज्यांना हा शब्द माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, आमच्या मराठवाड्यात धान्याच्या मोठ्या बाजाराला मोंढा म्हणतात. बैलगाडीतून पोती उतरली की वडील एका बाजूला उभे राहत. व्यापारी आणि आडत्या रुमालाखाली एकमेकांची बोटं धरत आणि भाव ठरवत. ज्याचा माल, त्यालाच भाव सगळ्यांत शेवटी कळायचा. मग हातात पट्टी यायची. आडत, हमाली, तोलाई असं एकेक वजा होत गेलेलं. वडील ती पट्टी घडी करून टोपीत ठेवत आणि घरी येईपर्यंत काही बोलत नसत. आमच्या घरच्या बाया मात्र मोंढ्यात कधी गेल्या नाहीत. पेरायला, खुरपायला, काढायला, मळायला बाया; विकायला पुरुष. अशी ती वाटणी होती आणि तिच्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नसे. मलाही वाटलं नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

या बाजाराच्या पहिल्याच रविवारी, 2022 साली, मी उगाच काय चाललंय ते बघायला म्हणून गेलो. हात मागं बांधून लांबूनच बघत होतो. तेवढ्यात आवाज आला, ‘‘काय भावजी, लांबूनच बघायलाव? माल पसंत न्हाई का?’’

बघतो तर आमच्या वहिनी. म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाच्या पत्नी. डोक्यावर पदर, समोर तूरडाळीचं पोतं, मेथीच्या जुड्या, शेवग्याच्या शेंगा आणि हातात काटा. क्षणभर मला काय बोलावं ते सुचलं नाही. आपल्या भावकीतली बाई आपल्याच दारासमोर पाटी मांडून बसली आहे आणि शेजारचे सगळे बघत आहेत, हे मनात आलं. ते यायला नको होतं, पण आलं. रेडिओवर बोलताना खोटं कशाला बोलू?

मी दोन किलो डाळ, मेथीच्या दोन जुड्या आणि शेंगा घेतल्या. पाचशेची नोट पुढं केली आणि म्हटलं, ‘‘राहू द्या वहिनी, वरचे ठेवा.’’ त्यांनी कमरेची पिशवी काढली, पैसे मोजले, रुपया न रुपया माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘नातं घरी, भावजी. हितं काटा हाय.’’

मी जरा हिरमुसलो. ते त्यांच्या लक्षात आलं असावं. गिऱ्हाईक थोडं कमी झाल्यावर त्यांनी मला बोलावून पोत्यावर बसवलं आणि समजावलं, ‘‘आज तुमी नात्यापायी चार रुपये जास्ती देसाल. पुढच्या महिन्याला ते तुमास्नी जड जाईल, मग तुमी दुसऱ्याकडून घेसाल. अन् मी नात्यापायी कमी घेतलं, तर मला बसायला परवडायचं न्हाई. बरोबर भाव असला म्हंजे दोघं बी येत राहतोत.’’ मी बँकेत आयुष्य घालवलं. व्यवहार टिकतो कसा, हे इतक्या थोडक्यात मला कुणी सांगितलं नव्हतं.

पण त्या दिवशी मला घरी नीट जेवण गेलं नाही, त्याचं कारण वेगळं होतं. त्यासाठी सहा वर्षं मागं जावं लागेल.

2016 चा उन्हाळा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तो उन्हाळा. पावसानं दगा दिलेली ती लागोपाठची वर्षं. आमच्या जिल्ह्यातही टँकरची वाट बघत बसलेल्या घागरींच्या रांगा होत्या. भावाची पाच एकर जमीन, सगळी कोरडवाहू, एक जेमतेम पाण्याची विहीर. वहिनी गावातल्या बचत गटात होत्या. तिथल्या एका प्रशिक्षणातून त्या नवीनच गोष्ट घेऊन घरी आल्या. म्हणाल्या, मला पाचातली एक एकर द्या. तिच्यात मी सोयाबीन घेणार नाही. घरात जे खातो ते सगळं थोडं थोडं लावीन, शेणखतावर करीन आणि उरेल ते विकीन.

ही कल्पना आमच्या भागात कुठून आली तेही सांगितलं पाहिजे. 30 सप्टेंबर 1993 रोजी लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर ही नावं तेव्हा साऱ्या देशाला माहीत झाली. त्यानंतरच्या पुनर्वसनाच्या कामातून दिवंगत प्रेमा गोपालन यांची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था उभी राहिली. घरं बांधण्याच्या कामात ज्या बाया पुढं आल्या, त्यांच्याबरोबर संस्थेनं पुढं शेतीचं काम सुरू केलं. दुष्काळात घर उपाशी राहू नये म्हणून बाईनं घरच्या जमिनीतली अर्धा-एक एकर मागून घ्यायची आणि तिच्यात अन्नाची पिकं घ्यायची, ही त्यांची एक एकर शेतीची पद्धत. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे या कामातूनच पुढं आल्या आणि त्यांनी परदेशांतल्या व्यासपीठांवरही ही पद्धत मांडली. 2016 मध्येच या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. आपल्याच जिल्ह्यातल्या हिंगळजवाडीच्या कमल कुंभार यांनी कोंबडीपालनासारख्या छोट्या व्यवसायांतून असंख्य बायांना उभं केलं; त्यांना 2021 चा नारीशक्ती पुरस्कार मिळाला. पण 2016 साली यातलं मला काहीही माहीत नव्हतं.

भावानं मला गावी बोलावलं. ‘‘तू बँकेतला. हिशेब तुला कळतो. हिला जरा समजावून सांग.’’ मी मोठ्या रुबाबात ओसरीवर बसलो. लग्नाची एक जुनी पत्रिका मागून घेतली आणि तिच्या पाठकोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. एक एकर सोयाबीन, चांगला पाऊस झाला तर सहा-सात क्विंटल. त्याचा मोंढ्यातला भाव. त्यातून बियाणं, खत, फवारणी, काढणी वजा. उरले इतके. पलीकडे लिहिलं, भाजीपाला : उत्पन्न अनिश्चित. खाली रेघ मारली आणि पत्रिका वहिनींच्या पुढं सरकवली.

त्यांनी ती हातात घेऊन बराच वेळ बघितली. मग एकच प्रश्न विचारला, ‘‘भावजी, ह्यात आमी खायचं कुठं धरलंय?’’

मी हसलो. म्हणालो, ‘‘अहो, पैसा आला की खायचं विकत आणता येतं.’’ ओसरीवरचे सगळेच हसले. कुणीतरी मागून म्हणालं, आपल्या घरची बाई बाजारात पाटी घेऊन बसणार का आता? त्यावरही मी काही बोललो नाही. शिकलेला माणूस गप्प बसला की गावात त्याचा अर्थ होकार असाच घेतात.

वहिनींना तेव्हा एक एकर मिळाली नाही. विहिरीकडची अर्धी मिळाली, तीही ‘एक वर्ष बघू’ म्हणून. पाऊस झाला आणि त्या अर्ध्या एकरात त्यांनी काय लावलं नाही ते विचारा. मधे तूर, तिच्या ओळींत मूग-उडीद, कडेनं भेंडी, गवार, चवळी, बांधावर शेवगा, एका कोपऱ्यात मेथी आणि कोथिंबीर, रब्बीत ज्वारी आणि करडई. दुसऱ्या वर्षी भाऊच म्हणाला, पूर्ण एकर घे. कारण सोपं होतं. किराणा दुकानातली उधारी अर्ध्यावर आली होती.

माझ्या पत्रिकेवरच्या हिशेबात चूक नव्हती, श्रोतेहो. बेरीज-वजाबाकी बरोबरच होती. फक्त जे विकलं जातं तेच मी धरलं होतं. जे शिजवून खाल्लं जातं त्याला माझ्या रकान्यात जागाच नव्हती. आणि ज्याला जागा नाही त्याची किंमत शून्य, असं धरून मी एका घराला सल्ला देऊन मोकळा झालो होतो. त्या रविवारी जेवण गेलं नाही ते यामुळे.

पुढं एका महिन्यात मी वही घेऊन वहिनींच्या शेजारी पोत्यावर बसलो. म्हटलं, या वेळी नीट हिशेब करू. त्या दिवशी त्यांच्याकडे 1,740 रुपये जमा झाले. काही रोख, काही फोनवर. टेम्पोतला त्यांचा वाटा, पिशव्या आणि चहा-फराळ वजा जाता चौदाशेच्या आसपास उरले. ही काही मोठी रक्कम नाही. यावर कुणी माडी बांधत नाही. पण वहिनींनी मला दुसरी बाजू दाखवली. तीच तूर पोत्यानं मोंढ्यात घातली असती तर तुरीचा भाव मिळाला असता. घरी भरडून, पाखडून डाळ केली म्हणून डाळीचा भाव मिळाला. आणि चुणी शेळ्यांना झाली. मधला पैसा घरातच राहिला.

हा मधला पैसा किती असतो? रिझर्व्ह बँकेनं 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की ग्राहक टोमॅटोला जो रुपया देतो त्यातले साधारण 33 पैसे शेतकऱ्याला मिळतात. कांद्यात 36 पैसे, बटाट्यात 37 पैसे. बाकीचे वाटेत जातात. वाटेतले सगळेच लुटारू असतात असं मी म्हणणार नाही. वाहतूक आहे, हमाली आहे, नासाडी आहे. पण वाट जेवढी लांब तेवढा रुपया झिजतो, हे खरं.

ही वाट जवळची करायचे प्रयत्न आपल्या देशात बरेच झाले. पंजाब-चंदीगडकडे 1987 मध्ये ‘अपनी मंडी’ सुरू झाली. जानेवारी 1999 मध्ये आंध्र प्रदेशात ‘रयतु बाजार’ आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तमिळनाडूत मदुराईला ‘उळवर संदै’, म्हणजे शेतकऱ्यांचा बाजार सुरू झाला. आपल्याकडे बाजार समित्यांचा कायदा 1963 चा. त्यामागचा हेतू चांगला होता. मापात पाप होऊ नये, भाव उघड व्हावा. वऱ्हाडातल्या कारंज्याला 1886 मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला तो याच कारणानं. रुमालाखालची बोटं मी स्वतः बघितली आहेत, म्हणून त्या कायद्याला मी नावं ठेवणार नाही. पण पुढं समितीचं आवार हीच एक वाट होऊन बसली. जुलै 2016 मध्ये राज्य सरकारनं फळं आणि भाजीपाला त्या नियमनातून मोकळा केला, आणि त्याच वर्षी संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावानं शेतकरी आठवडे बाजाराचं अभियान सुरू झालं. सावता महाराज आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे. मळा हेच पंढरपूर मानणाऱ्या संताचं नाव बाजाराला द्यावं, हे मला आवडलं.

आणि आमच्या जिल्ह्याला बाजार काही नवा नाही. धाराशिवपासून वीसेक किलोमीटरवर तेर आहे. गोरोबाकाकांचं तेर. पण त्यांच्याही कितीतरी आधी ते ‘तगर’ होतं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या पुस्तकात त्याचं नाव आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर आहे, तिथलं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांतून अवघड वाटांनी भडोचच्या बंदराला जाते, असं त्यात म्हटलं आहे. तिथून पुढं समुद्रापार. म्हणजे आमच्या मातीतला माल रोमच्या बाजारात जात होता. तेरच्या संग्रहालयात त्या काळच्या वस्तू बघताना मला नेहमी एक प्रश्न पडतो. ते कापड विणणाऱ्या बाईच्या हातात त्या रुपयातले किती पैसे पडत असतील? ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

असो. आता आमच्या बाजारावर आलेल्या संकटाची गोष्ट सांगतो.

गेल्या वर्षी, 2025 च्या उन्हाळ्यात, वसाहतीच्या बैठकीत हा बाजार बंद करावा असा विषय आला. तक्रारी खोट्या नव्हत्या. दुचाक्या कशाही लागतात. पाला पडून राहतो, त्यावर गुरं येतात. एक गृहस्थ म्हणाले, ‘‘आणि स्वस्त तरी कुठं आहे? मोठ्या दुकानात डाळ याहून कमी भावात मिळते. पिशवीवर तारीख असते, वजन छापलेलं असतं.’’ त्यांचं म्हणणंही खरं होतं. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. ‘‘तुम्ही हिशेबातले. तुम्हीच सांगा.’’

नऊ वर्षांपूर्वीच्या ओसरीवरची तीच वेळ माझ्यापुढं पुन्हा आली होती. मी उभा राहिलो आणि लग्नाच्या पत्रिकेची गोष्ट सांगितली. बाजार स्वस्त आहे असं मी म्हणालो नाही, कारण तो दर वेळी नसतो. मी एवढंच म्हणालो, की एकदा मी अर्धा हिशेब मांडून एका घराचं नुकसान करणार होतो. आज आपण सगळे मिळून तसाच अर्धा हिशेब मांडतो आहोत. दुकानातल्या डाळीवर तारीख आहे, पण ती कुणी पिकवली ते नाही. इथं डाळ खराब निघाली तर पुढच्या महिन्यात त्याच बाईसमोर उभं राहून सांगता येतं. आणि ती बदलून देते, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे.

टाळ्या वगैरे काही पडल्या नाहीत. लोक गप्प बसले. मग माझी पत्नी उठली. ती सभेत सहसा बोलत नाही. म्हणाली, ‘‘या बाया पहाटे पाचला घर सोडतात आणि दुपारी दोनला परत पोचतात. तोवर पाण्याचा घोटही घेत नाहीत. का, ते पुरुषांना कळायचं नाही. इथं त्यांना जायला संडास नाही. तीन वर्षं झाली, आपल्यापैकी एकीनंही विचारलं नाही. मी पण नाही.’’

त्यानंतर मात्र बैठकीचा सूर पालटला. शेवटी ठरलं ते असं. बाजार चालू ठेवायचा, पण रस्त्यावर नाही, आतल्या मोकळ्या जागेत. पाला-पाचोळा बायांनी परत न्यायचा. तो त्या शेळ्यांसाठी आनंदानं नेतात, कुणी विचारलंच नव्हतं. दुचाक्या कमानीबाहेर. आणि त्या दिवशी सकाळपासून वसाहतीच्या सभागृहाचं स्वच्छतागृह उघडं ठेवायचं. किल्ली आमच्या घरी असते. बाजाराच्या दिवशी वहिनी आता पाणी पितात.

मग सप्टेंबर 2025 आला. तो महिना आमच्या जिल्ह्यातला कुणी लवकर विसरणार नाही. ज्या मुलखात टँकरची वाट बघायची सवय, त्या मुलखात अतिवृष्टी. परांड्याकडे, भूमकडे गावांना पाण्यानं वेढा घातला, छतावरच्या माणसांना हेलिकॉप्टरनं काढावं लागलं. उभं सोयाबीन पाण्यात कुजलं. सरकारनं त्या हंगामाला क्विंटलमागं 5,328 रुपये हमीभाव जाहीर केला होता. पण भाव मिळायला माल तर हातात पाहिजे. भावाचं चार एकरांतलं सोयाबीन गेलं. वहिनींच्या एकरातलंही पुष्कळ गेलं. भाजीपाला तर सगळाच. मिश्र शेती केली म्हणून सगळं वाचलं, असं मी सांगणार नाही. तसं होत नाही. वाचलं ते बांधावरचं शेवग्याचं झाड, उंचवट्यावरच्या तुरीच्या काही ओळी, घरातली जुनी ज्वारी आणि मडक्यात राख घालून ठेवलेलं बी.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मला वाटलं, आज कुणी येणार नाही. तरी गेलो. सहा-सात जणी आल्या होत्या. वहिनींच्या पुढं दोन पायली जुनी ज्वारी, थोडी डाळ आणि कागदाच्या पुड्यांत बांधलेलं भेंडीचं, गवारीचं, मेथीचं बी. बस्स. मी म्हटलं, ‘‘वहिनी, एवढ्याशासाठी कशाला आलात? भाडं तरी निघेल का?’’ म्हणाल्या, ‘‘जागा धरायला आले, भावजी. एकदा चुकलं की गिऱ्हाईक मोडतंय.’’

त्या दिवशी आमच्या वसाहतीतल्या बायकांनी कुंड्यांत लावायला म्हणून सगळ्या पुड्या घेतल्या. दुकानातल्या डाळीचं कौतुक करणारे ते गृहस्थ ज्वारी घेऊन गेले. दया म्हणून कुणी घेतलं का? घेतलंही असेल कुणी. पण वहिनींनी भाव एका रुपयानं वाढवला नाही आणि एका रुपयानं उतरवलाही नाही. भाडं निघालं. वर साठ रुपये उरले. मी वहीत लिहून ठेवले आहेत.

डिसेंबरात येळवस आली. वेळ अमावास्येला आमच्या धाराशिव-लातूरकडे येळवस म्हणतात. त्या दिवशी गावात कुणी राहत नाही, सगळे रानात. कडब्याची कोप करायची, तिच्यात पांडव मांडायचे, लक्ष्मीची पूजा करायची आणि मग आल्यागेल्याला जेवू घालायचं. ज्याची जमीन नाही त्यानंही कुणाच्या तरी रानात जेवायला जायचं, अशी रीत. सातव्या रविवारी नाही तर पहिल्याच रविवारी वहिनी बजावून गेल्या होत्या, ‘‘औंदा रानात या. पीक बघायला नका येऊ, जेवायला या.’’

आम्ही दोघं गेलो. पावसानं धुऊन नेलेल्या एकरात नवा हरभरा टरारून आला होता, ज्वारी गुडघ्याच्या वर होती. कोपीसमोर पंगत बसली. बाजरीचे उंडे, तुरीच्या, हरभऱ्याच्या, वालाच्या ओल्या दाण्यांची आणि सगळ्या पालेभाज्यांची भज्जी, आणि मडक्यातली आंबट-गार आंबील. भाऊ वाढत होता. जेवताना एकदम म्हणाला, ‘‘त्या वक्ताला तुझं ऐकलं असतं, तर औंदा येळवस दुकानातून आणावी लागली असती.’’ सगळे हसले. या वेळी मीही हसलो, पण जरा खाली मान घालून.

निघताना वहिनींनी पत्नीची पिशवी भरली. तुरीच्या शेंगा, हरभऱ्याची भाजी, दोन उंडे, वर शेवग्याच्या शेंगा. बाजाराची सवय लागलेली. माझा हात आपोआप खिशाकडे गेला.

वहिनींनी बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘भावजी, हितं काटा न्हाई.’’

घरी येऊन मी वही काढली. बराच वेळ पेन हातात धरून बसलो आणि मग काहीच न लिहिता ती मिटून ठेवली.

येत्या पहिल्या रविवारी पुन्हा जायचं आहे. तूरडाळ संपत आली आहे, आणि पिशव्या कडीला अडकवलेल्याच आहेत.